मदत हवी आहे: मिश्रण वेगळं केल्यावर लोखंड आणि मीठ घातलं त्यापेक्षा जास्त भरतंय

नमस्कार मंडळी. भाचा नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं मिश्रणातले घटक वेगळे करणं हा विषय घेतलाय. सूप, चाळणी, तुरटी फिरवलेलं गढूळ पाणी हे सगळं मांडून झालं. घोडं अडलंय ते मुख्य प्रयोगात.

लोहकीस १० ग्रॅम, नवसागर ५, मीठ २० आणि वाळू ५०, सगळं कोरडंच कालवलं. आधी चुंबक फिरवला (प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर चिकटलेला कीस निघता निघत नाही). मग बाष्पनपात्रात तापवून वर नरसाळं पालथं घातलं आणि आतून बसलेला नवसागर खरवडून घेतला. उरलेल्यात ३०० मिली पाणी घालून गाळणकागदातून गाळलं, पाणी आटवून मीठ काढलं, वाळू उन्हात वाळवली. वजनं ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केली.

हाती आलं ते असं: लोखंड १२.३, नवसागर ३.२, मीठ २१.३, वाळू ४७.२. बेरीज ८४, म्हणजे ग्रॅमभरच कमी. नवसागराचा थोडा धूर उडाला हे समजतं. पण लोखंड वाढलं कुठून? आणि मीठ? ते खडखडीत वाळवलं होतं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, पाणी बोअरचं. वाळू शेजारच्या बांधकामावरची, गवंडी म्हणाला सीना नदीची आहे. कीस लेथवाल्याकडचा, तेल धुऊन घेतलेला.

काळा_पाषाण:
वाळूला धरा. आपल्याकडचा सगळा खडक बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण असतात. खडक झिजला की ते नदीच्या वाळूत येतात. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड, चुंबकाला मस्त चिकटतं. तुमचं लोखंड २.३ नं वाढलं, वाळू २.८ नं घटली, हिशेब तिथंच लागतोय. राहिलेला अर्धा ग्रॅम माती-गाळ, कागदाला बसला असेल.
खात्री करायची तर नुसत्या वाळूत चुंबक फिरवा. जे चिकटेल ते मोरचुदाच्या पाण्यात टाका. लोखंडावर तांब्याचा तांबूस थर चढतो, हे कण काळेच राहतात. प्रदर्शनात हे दाखवा की, सूप-चाळणीपेक्षा भारी!

निवळी:
मिठात दोन गोष्टी मिसळल्या असणार. एक, बोअरचं पाणी. लिटरला १२०० मिलिग्रॅम क्षार धरले तर ३०० मिलीत ०.३६ ग्रॅम आले. पाणी आटलं तरी क्षार कुठं जातात? घरातल्या पातेल्याचा तळ बघा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.
दोन, न उडालेला नवसागर. तोही पाण्यात विरघळतो, म्हणून मिठाबरोबरच खाली उतरला. चिमूटभर मिठात ओला खायचा चुना कालवून किंचित कोमट करा. नाकात झिणझिण्या आल्या तर तो अमोनिया, म्हणजे नवसागर उरलाय. बेतानं हुंगा.

गच्चीवरचा:
नवसागर घरात तापवू नका बरं. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड नरसाळ्यावर पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो. मधे जे निसटतं ते डोळ्यांत जातं. त्यापेक्षा कापूर घ्या. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे मिठात मिसळायची भीती नाही. पण गॅसच्या ज्योतीवर नको, चट्कन पेट घेतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवा, वर थंड झाकण.

निवळी:
कापराला हरकत नाही, पण सगळा उडायला वेळ लागतो. परीक्षकांसमोर दाखवणार असाल तर आधीच सुरुवात करून ठेवा.

धागाकर्ता:
नुसत्या वाळूत चुंबक फिरवला आणि काळी मिशी उगवली त्याला! मोरचुदाचं पाणीही दाखवलं, कण जसेच्या तसे. चुन्याचा वास तर आईला स्वयंपाकघरात आला, मग बोलणीही आली. आता वाळू आधी चुंबकानं साफ करून, धुऊन घेतो. नवसागराऐवजी कापूर, बोअरऐवजी बॅटरीचं पाणी.
एकच राहिलं: डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ आटवताना शेवटी ते तडतडून बाहेर उडतं. मंद आचेवर ठेवूनही.

काळा_पाषाण:
तळाशी थोडं पाणी राहिलं की गॅस बंद करा आणि पसरट ताटलीत ओतून गच्चीवर ठेवा. वर पातळ मलमल बांधा, धूळ बसली तर परत वजन वाढलं म्हणून याल. सोलापूरचं ऊन आहे, दुपारपर्यंत काम होतं.