घरच्या मीडिया सर्व्हरवरील चित्रफिती कोणालाही पुसता येऊ नयेत म्हणून काय करावे?

प्रश्न – जुळे सोलापूर
नमस्कार. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घालून आणि डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) जेलीफिन हा मीडिया सर्व्हर चालवून मी घरातील चित्रफिती टीव्हीवर पाहण्याची सोय केली आहे. वडिलांनी व्हीएचएस कॅसेटवर टिपलेली गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा त्यांत आहे. मूळ कॅसेटना बुरशी लागल्यामुळे संगणकावरील प्रत हीच आता एकमेव आहे. काल भाच्याच्या हातून मोबाइलवरील ॲपमधून नेमकी हीच चित्रफीत डिलीट झाली. घरातील सर्वजण माझेच ॲडमिन खाते वापरतात, ही चूक मला मान्य आहे. परंतु प्रत्येक फाइल मी ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवली असतानाही ती गेली कशी, हे उलगडत नाही. शिवाय या चित्रफितींचे फोल्डर भावाच्या लॅपटॉपवर सांबाद्वारे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सोयीने, उघडते. त्या लॅपटॉपमध्ये फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तर काय होईल, याचीही धास्ती वाटते.

उत्तर – होटगी रोड
सर्वप्रथम सर्व्हर बंद करा, कारण त्या डिस्कवर जे नवे लिहिले जाईल ते पुसलेल्या चित्रफितीच्या जागेवर बसू शकते. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवून पाहा आणि सापडलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवा.

आता आपल्या मूळ शंकेविषयी. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे तिचे नाव फोल्डरच्या यादीतून काढणे होय. त्यामुळे पुसण्याचा अधिकार फाइलच्या परवानगीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरच्या लेखन-परवानगीवर ठरतो. आपण फाइलींना कुलूप लावलेत, पण फोल्डर उघडेच राहिले. डॉकरच्या मांडणीत मीडिया फोल्डरच्या मार्गाच्या शेवटी ‘:ro’ (आरओ, म्हणजे रीड-ओन्ली) लिहिले, की जेलीफिनला ते फोल्डर केवळ वाचता येते, मग ॲपमध्ये कोणीही काहीही दाबो. पोस्टर आणि उपशीर्षके मीडिया फोल्डरमध्येच साठवण्याचे पर्याय मात्र बंद करावे लागतील. घरातल्यांना स्वतंत्र खाती द्या आणि त्यांत डिलीटची मुभा ठेवू नका. सांबाचा शेअरही सर्वांसाठी वाचनापुरताच ठेवा. नवीन फाइली घालायच्या असतील तेव्हा आपण स्वतः सर्व्हरवर वेगळ्या खात्याने शिरून घालाव्यात.

उत्तर – बाळीवेस
वरील उपाय योग्यच आहेत. परंतु उद्या स्वतःच्याच हातून चुकीची आज्ञा दिली गेली, तर त्यांचा उपयोग होणार नाही. म्हणून डिस्कवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल-प्रणाली वापरून रोज स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती, घ्यावेत. चित्रफिती क्वचितच बदलत असल्याने स्नॅपशॉटला फारशी जागा लागत नाही, आणि लॅपटॉपमधील व्हायरसला शेअरवर लिहिता आले तरी सर्व्हरवरील रूट (सर्वोच्च) अधिकार मिळाल्याशिवाय त्याला स्नॅपशॉट काढून टाकता येत नाही. दोन डिस्कची रेड (तीच माहिती दोन्हींवर एकाच वेळी लिहिणारी जोडणी) ही मात्र बॅकअप समजू नका, कारण एकीवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. फाइलींची प्रत उतरवणाऱ्या आरसिंक या साधनामध्ये ‘डिलीट’ हा पर्याय चालू असेल, तर तीच गत पुढच्या फेरीत होते.

डिस्कच बिघडली तर तिच्यावरचे स्नॅपशॉटही जातात. यासाठी आणखी एक डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडून प्रत उतरवा आणि लगेच काढून दुसऱ्या घरी ठेवा. जोडलेलीच नसलेल्या डिस्कपर्यंत कोणताही व्हायरस पोहोचत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. फोटोरेकला नावाऐवजी आकडे असलेले दोन तुकडे सापडले. अक्षता सोहळा पूर्ण मिळाला, मिरवणुकीचा सुरुवातीचा भाग मात्र परत आला नाही. ‘आरओ’ लावल्यानंतर मी स्वतः ॲडमिन खात्याने एक चाचणीची फाइल पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्रुटीचा संदेश आला आणि फाइल जागेवरच राहिली. नवीन डिस्कवर झेडएफएस घातले असून, एक प्रत काल बहिणीच्या घरी कपाटात ठेवून आलो. ती ठेवण्यापूर्वी तिच्यातील अक्षता सोहळा लॅपटॉपवर शेवटपर्यंत चालवून पाहिला.