मदत हवी आहे: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपट हाताने कसे घडवले, हे दाखवणारं कोणतं पुस्तक घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात कलाशिक्षक आहे. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात आमची लेकरं टोल्किनच्या मूळ कादंबरीच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या मराठी अनुवादातला मोरियाच्या खाणीचा, म्हणजे डोंगराखालच्या अंधाऱ्या नगरीचा, भाग नाटक म्हणून करणार आहेत. पाऊण तासाचा प्रयोग, पंचवीस मुलं. त्यासाठी मला एक पुस्तक विकत घ्यायचंय. एकदा चुकीचं घेऊन बसलोय, दुसऱ्यांदा चुकायला पैसे नाहीत, म्हणून इथं विचारतोय.

हे सगळं सुरू झालं दौलताबादच्या सहलीत. किल्ल्यातल्या 'अंधारी' नावाच्या भुयारात शिरलो तेव्हा वटवाघळांचा वास, पायाखालची पायरी दिसेना, पुढचा मुलगा कुठं आहे ते आवाजावरून ओळखायचं. एका वळणावर नववीतली एक मुलगी थबकली आणि म्हणाली, "सर, हे तर मोरियाच हाय की!" तिनं चित्रपट टीव्हीवर हिंदीतून पाहिलेला. परतीच्या बसमध्ये खंदकावरचा पूल म्हणजे मोरियातला खजाद-दूमचा पूल, हेही ठरून गेलं. त्या रात्री मला झोप आली नाही. पंधरा वर्षं मी या लेकरांना घट, फळं आणि निसर्गदृश्य काढायला लावतोय. कुणी कधी इतक्या जोरात काही पाहिलेलं मला आठवत नाही.

मग मी ऑनलाइन एक पुस्तक मागवलं. चित्रपटाचं अधिकृत पुस्तक, मोठा आकार, गुळगुळीत कागद. उघडलं तर सगळी चित्रपटातलीच छायाचित्रं आणि शेजारी कथानक. फ्रोडो कोण, गिमली कोण, हे आम्हाला ठाऊकच आहे. ढाल कशाची केली, आतून पट्टा कुठं बसवला, जादूगार गॅन्डाल्फची काठी किती उंच, यातलं काहीच नाही. दोष पुस्तकाचा नाही. ते प्रेक्षकाला गोष्टीची ओळख करून द्यायला काढलेलं. मला हवंय कारागिराचं पुस्तक, आणि हा फरक मुखपृष्ठावरून कळत नाही.

मला थोडंफार माहीत आहे ते सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात सलग केलं. शस्त्रं, चिलखतं, प्राणी, लहान प्रतिकृती हे काम रिचर्ड टेलर यांच्या वेटा वर्कशॉपने केलं. ॲलन ली आणि जॉन हाव हे दोघं चित्रकार आधीपासूनच टोल्किनच्या पुस्तकांची चित्रं काढत होते, त्यांनाच बोलावून घेतलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वाचकाच्या डोळ्यांत मिडल-अर्थ, म्हणजे कादंबरीतलं जे काल्पनिक जग आधीच होतं, त्याच हातांनी ते उभं राहिलं.

आणि कड्यांच्या चिलखतांबद्दल वाचलं तेव्हा मी ताडकन उठलो. सैन्याच्या अंगावरची बरीचशी चिलखतं प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या कापून, एकेक कडी हाताने गुंफून केलेली. नळी! आमच्याकडे ऊस मोडला, कापूस उपटला की बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात. मुलांनी दोन पोती जमवली. आठ दिवसांत वीतभर जाळी झाली. पण चंदेरी रंग मारला की दुसऱ्या दिवशी गळून पडतो. इथं आम्ही अडलोय.

दुसरी अडचण उंचीची. चित्रपटात उंच गॅन्डाल्फ आणि हॉबिट ही बुटकी माणसं एकाच चौकटीत दाखवताना एकाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला लांब बसवलं, वस्तू दोन मापांत केल्या. मी पाचवीची मुलं हॉबिट आणि दहावीचा सर्वांत उंच मुलगा गॅन्डाल्फ घेतलाय. तेवढ्यावर भागतं का, की वस्तूंचं मापही बदलावं?

तर प्रश्न असे. ब्रायन सिबली यांचं 'द मेकिंग ऑफ द मूव्ही ट्रिलॉजी', गॅरी रसेल यांची 'आर्ट ऑफ'ची तीन पुस्तकं, आणि ख्रिस स्मिथ यांचं 'वेपन्स अँड वॉरफेअर' यांतलं एकच घ्यायचं तर कोणतं? माझ्याकडे तीन हजार रुपये आहेत, जुनी प्रत चालेल. मुलांना इंग्रजी मजकूर जड जाईल, पण चित्र त्यांना वाचता येतं, उलगडून दाखवलं की करताही येतं. आणि कादंबरीतलं काय ठेवलं, काय गाळलं, याचा विचार कुठल्या पुस्तकात सापडेल? चित्रपटातून टॉम बॉम्बाडिल पूर्ण गेला, हे कळल्यापासून आमच्याकडे रोज भांडणं आहेत. प्रत्येकाला आपलं पात्र वाचवायचंय.

– रेघ आणि रंग

प्रतिसाद – अजिंठ्याची वाट

सर, मी छत्रपती संभाजीनगरला असतो. तुम्ही नावं घेतलेल्यांपैकी माझ्याकडे सिबली आणि स्मिथ दोन्ही आहेत.

सिबलींचं पुस्तक वाचायला सर्वांत गोड. त्यांनी १९८१ साली बीबीसी रेडिओसाठी याच कादंबरीचं २६ भागांचं रूपांतर मायकेल बेकवेल यांच्यासोबत लिहिलं होतं, त्यामुळे रूपांतर करणाऱ्याची दुखणी त्यांना आतून कळतात. पण ते निघालं २००२ मध्ये, तिसरा चित्रपट येण्याआधी, हे लक्षात ठेवा. विभागवार माणसं काय काम करत होती ते त्यात छान आहे.

रसेल यांच्या 'आर्ट ऑफ'मध्ये रेखाटनं आणि संकल्पचित्रं आहेत. एखादी गोष्ट पहिल्या खरड्यापासून कशी बदलत गेली ते दिसतं, पण आतली जोडणी दिसत नाही.

तुमच्या कामाला स्मिथ यांचं 'वेपन्स अँड वॉरफेअर' (२००३). एल्फ या देखण्या, दीर्घायुषी जमातीची तलवार आणि ओर्क या क्रूर शत्रुसैनिकांची तलवार यांचा आकार वेगळा का, हे त्यात जमातीनुसार मांडलंय. मुलांना एकच सांगा: ओर्कचं शस्त्र घाईत ठोकलेलं दिसलं पाहिजे, एल्फांचं पिढ्यान्‌पिढ्या घासलेलं. शूटिंगला एकाच तलवारीच्या वेगवेगळ्या प्रती असायच्या. जवळून दाखवायला पोलादी, लढायला ॲल्युमिनियमची, पडझडीच्या दृश्यांना रबरासारखी मऊ. रंगमंचावर तुम्हाला फक्त शेवटची लागेल, आणि लेकरांच्या हातात तीच द्या.

काय ठेवलं, काय गाळलं, यासाठी इयन नेथन यांचं 'एनिथिंग यू कॅन इमॅजिन' (२०१८). आधी दोनच चित्रपटांचा बेत होता, मग निर्मितीसंस्था बदलली आणि तीन झाले, ही सगळी ओढाताण त्यात आहे. चित्रं कमी, मजकूर जास्त. ते तुम्ही वाचा, मुलांना गोष्ट सांगा.

प्रतिसाद – मन्याडकाठ

गुरुजी, मी नांदेड जिल्ह्यातला, पाईप फिटिंगचं काम करतो. पुस्तकांतलं मला कळत नाही, नळीतलं कळतं.

ठिबकची नळी पॉलिथिनची असते. तिच्यावर साधा रंग धरतच नाही, पॉलिश पेपर मारला तरी पापुद्रे निघतात. ती काळी जाळी ओर्कांना तशीच द्या, शोभून दिसेल. चंदेरीसाठी वायरिंगचा पीव्हीसी पाईप घ्या. हेक्सॉने चकत्या कापा, एका जागी चिरा, गरम पाण्यात टाकून मऊ करा. कडं फाकवायचं नाही. एक टोक पुढं, एक मागं असं पिळायचं. एका कड्यात चार कडी अडकली की विणकाम बसतं. तोंडाला पाईपचं सोल्युशन लावा, ते काम मात्र मोठ्या माणसाने उघड्या हवेत करा. आणि तुकडे जाळू देऊ नका, पीव्हीसीचा धूर फार वाईट.

नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ तलवारींची दुकानं आहेत. मूठ आणि म्यान कसं बसवतात ते मुलांना एकदा दाखवून आणा.

प्रतिसाद – सायली_लातूर

उंचीबद्दल सांगते, मी हौशी नाटकांचं नेपथ्य करते. वस्तूंचं माप बदलाच. हॉबिटच्या हातात मोठा तांब्या द्या, गॅन्डाल्फच्या हातात तसाच पण लहान. डोळा आधी भांडं पाहतो आणि त्यावरून माणूस मोजतो.

आणखी एक पुस्तक सुचवते, चित्रपटाचं नसलं तरी: 'द आर्ट ऑफ द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (२०१५), वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल यांनी संपादित केलेलं. त्यात टोल्किनची स्वतःची चित्रं आहेत. मोरियात सापडणाऱ्या, तिथं राहिलेल्या बुटक्यांच्या फाटक्या वहीची पानं टोल्किननी स्वतः बनवली होती. कडा आपल्या पाइपने जाळल्या, शिवणीची भोकं पाडली, रक्तासारखा लाल रंग फासला. १९५४ मध्ये खर्चापायी ती कादंबरीत छापता आली नाहीत. तुमचा प्रसंगही तोच आहे ना?

प्रतिसाद – रेघ आणि रंग

सायलीताई, हो, तोच प्रसंग. तुमचा प्रतिसाद मी आज वर्गात वाचून दाखवला. लेखकानेच आधी पान जाळलं होतं हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. मग दौलताबादवाली ती मुलगी उठली आणि म्हणाली, वही मी करणार. तिला गेल्या वर्षीच्या हजेरीपटाची कोरी पानं दिलीत. चहाच्या पाण्यात बुडवून व्हरांड्यात वाळत घातलीत, कडा मी समोर उभा राहून जाळून घेईन.

मन्याडकाठचे दादा, काळी जाळी ओर्कांना द्यायचं ठरलं. दोन पोती वाया गेली नाहीत याचा मुलांना जास्त आनंद आहे. पीव्हीसीची पहिली सहा कडी आज जुळली. रंग वाळतोय, उद्या नखाने खरवडून बघतो.

भांडणांचं असं झालं की मुलांनीच नियम काढला: जो पुलापर्यंत येत नाही, तो नाटकात नाही. त्यात तीन पात्रं गेली. ती मुलं आता ढोल आणि मशाली सांभाळतील. खोलातून येणारे ते ढोल नसतील तर मोरिया कशी होणार?

अजिंठ्याची वाट, सर, 'वेपन्स अँड वॉरफेअर' घ्यायचं नक्की केलं, जुन्या प्रतीच्या शोधात आहे. तोवर एक विनंती. येत्या रविवारी सकाळच्या रेल्वेने मी संभाजीनगरला येतो. तुमची प्रत दोन तास चाळायला द्याल का? सोबत दोन मुलं असतील, एक चांगलं रेखाटतो आणि दुसऱ्याचे वडील लोहारकाम करतात. हात धुऊन बसतील, पान मी उलटेन, ती फक्त मापं उतरवून घेतील. येताना आमच्या जाळीचा तुकडा घेऊन येतो, तो तुम्हीही हातात घेऊन बघा.