जांभ्याच्या भिंती आणि सिमेंटचा गिलावा

अलिबागच्या रानवाटांवर दिसलेले पडके कौलारू घर विकत घ्यावे आणि जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की निम्मे काम झाले, असा एक सल्ला माझ्या वाचनात आला. मुंबईहून अशा भटकंतीला जाणारे आम्ही बरेचजण मनातल्या मनात अशी घरे सावरत असतो, त्यामुळे स्वप्नाशी मी सहमत आहे, गिलाव्याशी नाही. जांभा सच्छिद्र असतो; पावसाळ्यात त्याने ओढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते, सिमेंटचा थर मात्र ती आतच कोंडतो, आणि मग पोपडे सुटून भिंतीत रुतलेली लाकडांची टोके कुजू लागतात. आधी छप्पर गळते आहे का ते पाहावे. घरालगत शेतजमीन असल्यास, १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार ती बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय सहसा घेता येत नाही, हे इसार देण्यापूर्वीच तपासावे.