इंटर्न घ्या, पण थेट गाडीवर नको

सांताक्रूझच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीतून कोर्स करून घरी बसलेल्या मुलांना पुणे मनपाने मानधन देऊन इंटर्न म्हणून लगेच अग्निशमन दलाच्या गाडीवर चढवावं, अशी एक सूचना आहे. मानधन द्याच. पण अपघात विमा आधी, ड्यूटी नंतर. मानधनातून भाजल्याचा खर्च निघत नाही.

पहिले काही आठवडे होजवर, म्हणजे पाणी मारायच्या पाइपवर, घालवावेत. ६३ मिमीचा होज धुवून, पूर्ण वाळवून मगच गुंडाळायचा. फीमेल कपलिंगमधला (ज्यात दुसऱ्या होजचं टोक बसतं त्या जोडातला) रबरी वॉशर बोटाने चाचपायचा. तो निसटलेला असला की जोडावरच कारंजं उडतं आणि नोझलला, म्हणजे पाणी फेकणाऱ्या तोटीला, प्रेशर पोचत नाही.

बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधायचा हवेचा संच) ही खरी कसोटी. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला म्हणजे साधारण १,८०० लिटर हवा. श्वासाला मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं, तीही कागदावर. हवा संपत आल्याची शिट्टी ५० बारच्या आसपास वाजते आणि जिना चढून धापा टाकणारा नवखा ४० लिटरवर थोडाच भागवणार! पेठेतल्या जुन्या वाड्यात परतीची वाट शोधण्यातच वेळ जातो. हवेचा दाब दाखवणारा गेज बघून परत फिरायची सवय अंगवळणी पडेपर्यंत धुरात पाठवू नये.

आणि इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रात नुसतं 'काम समाधानकारक' नको. कोणती ड्रिल, किती वेळा, कोणतं उपकरण, हे लिहून खाली स्टेशन ऑफिसरची सही हवी.