१६ वर्षांची सेवा, आणि त्या सोमवारी मी मुद्दाम काजळी ठेवली

बाळीवेसची_अक्का:

शरणु शरणार्थी. विचारायला लाज वाटतेय, पण घरात हे बोलण्यासारखं कुणी नाही म्हणून इथं लिहिते.

वय ५४, घरी ब्लाऊज शिवते. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात १६ वर्षं दर सोमवारी पहाटे जाऊन पितळी भांडी घासते. दोन समया, ताम्हण, घंटा, पंचारती, अभिषेकाचं पात्र. चिंच लावून थोडा वेळ ठेवायची, मग राखेनं घासायचं. कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या वर्षी माझं मीच सुरू केलं.

या श्रावणात शेवटच्या सोमवारी महाप्रसाद झाला. सेवेकऱ्यांची नावं माईकवरून वाचून एकेकाला शाल-श्रीफळ दिलं. माझं नाव आलंच नाही. गेल्या वर्षीपासून हार गुंफायला येणाऱ्या एका बाईचं आलं. मी टाळ्या वाजवल्या. घरी आणलेली हुग्गी, म्हणजे प्रसादाची गव्हाची खीर, द्रोणात तशीच राहिली, सकाळी गाईला घातली.

वाईट वाटलं, ते एक वेळ ठीक आहे. पुढच्या सोमवारी जे केलं ते मला सांगायचंय. डाव्या समईत जिथं वात टेकते त्या चोचीत काजळी धरली होती. ती मी काढली नाही. विसरले नाही हो. हात तिथवर गेला होता, तो मागं घेतला. म्हटलं, दिसू दे काळं, मग कळेल इतकी वर्षं कोण घासत होतं.

आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा करते, अगदी लहानपणापासून. आता डाव्या तळहातावर लिंग असतं, नजर लिंगावर असते, आणि मनात ती शाल. तिचे मोरपंखी काठसुद्धा डोळ्यांपुढं येतात. देव हातात असताना!

मालक म्हणतात, एवढा त्रास होतो तर सेवाच सोड. सोडू का? 'मीपणा टाका' असं प्रवचनात सगळे सांगतात. भांडी घासणाऱ्या बाईनं तो कसा टाकायचा, ते कुणीतरी सांगा.

उत्तर_कसबा:

अक्का, सोडू नका. आपल्या सोलापूरच्या तळ्याचीच गोष्ट आठवा. १२ व्या शतकात सिद्धरामेश्वर इथं तळं खोदत होते, लिंगं स्थापत होते, शेकडो हात राबत होते. तिथं बसवण्णांच्या काळातले थोर शरण संत अल्लमप्रभू आले आणि विचारलं, कुठं आहे तुमचा तो ओड्ड? ओड्ड म्हणजे माती उपसणारा, दगड फोडणारा. कामावरची माणसं चिडून दगड मारायला लागली. कथेत असं येतं की खुद्द सिद्धरामही रागानं पेटले. एवढा मोठा योगी, पण एका शब्दानं पेटला. मला ही कथा म्हणूनच जवळची वाटते. त्यांचा 'मी' वाईट कामाला चिकटलेला नव्हता. तळ्याला, देवळांना, लोकांच्या पाण्याच्या सोयीला चिकटला होता. म्हणून तो ओळखायला अल्लमप्रभूंसारखा माणूस यावा लागला.

पुढं सिद्धराम कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले, बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्या हातून त्यांना इष्टलिंग मिळालं. तुमच्या तळहातावर आहे तेच. आणि हे बघा, 'मी खोदलं' हे गेलं, पण तळं कुणी बुजवलं नाही. ते आजही आहे आणि त्यांची समाधीही तिथल्या देवळातच आहे. तुमच्या मालकांना सांगा, समई घासणं सोडायचं नाहीये.

पंढरपूर_रोड:

तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्यानं संतांची डोकी मडक्यासारखी ठोकून पाहिली, तेव्हा कच्चे निघाले ते नामदेवच. देवाशी बोलणारे नामदेव! ते रडले, रागावले, विठ्ठलाकडं तक्रार घेऊन गेले. मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले, त्यांना गुरू केलं. आधी दुखलं, मग पुढची वाट सापडली. ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सांगतात की अहंकार अज्ञान्याच्या फारसा मागं लागत नाही, जाणत्याच्याच गळ्याला झोंबतो. अक्का, १६ वर्षं नसती तर तुम्हाला काही झोंबलंच नसतं.

कर्णिकनगर_शिक्षिका:

मला हे सगळं पटत नाही. बाईनं १६ वर्षं फुकट राबायचं, नाव गाळलं तरी गप्प बसायचं, वर तिला वाईट वाटलं की आम्ही तिलाच अहंकार सोडायला सांगायचं? पंचांना जाऊन विचारा, माझं नाव का नव्हतं? विचारलं म्हणून भक्ती कमी होत नाही. काजळी ठेवलीत ते चुकलं, पण तोंडानं बोलता आलं नाही म्हणूनच ते हातानं झालं असं मला वाटतं.

माग_३८वर्षं:

मी यंत्रमागावर टॉवेल विणले, आता गुडघ्यांमुळं बंद. मोठं काही सांगता येत नाही. ताण्याचा धागा दिवसात कितीदा तुटतो त्याला गणती नाही. तुटला म्हणून कारागीर रडत बसत नाही, माग थांबवतो, गाठ मारतो, चालू करतो. नुकसान होतं ते तुटलेला धागा दिसला नाही तर. मग टॉवेलभर फट जाते. तुम्हाला तुमचा हात मागं आलेला दिसला. पूजेत शाल आली की तशीच गाठ मारा, नजर लिंगावर, 'ओम नमः शिवाय', पुढं चला. शंभरदा आली तर शंभरदा.

बाळीवेसची_अक्का:

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. शिक्षिकाबाई, तुमचं वाचून आधी बरं वाटलं, म्हणून मुद्दाम एक दिवस थांबले. पंचांना विचारीन, पण आज विचारलं तर शाल मागितल्यासारखंच होईल. पोटातलं थोडं निवलं की विचारीन. बाईमाणसाचं काम कुणाला दिसत नाही हे मात्र खरंच आहे.

काल सोमवार. पहाटे गेले आणि आधी डावी समई घेतली. काजळी आठवड्यात कडक झाली होती, चिंचेनं निघेना. केसातला आकडा काढला आणि चोचीत घालून खरवडली. ओड्ड हा शब्द सारखा आठवत होता. खरवडताना रडू आलं.

तेवढ्यात ती हारवाली बाई आली, लवकरच आली होती. म्हणाली, अक्का, मला पण शिकवा की. माझ्या घशात काहीतरी अडकलं. घंटा तिच्याकडं दिली. तिनं चिंचेचा अख्खा गोळा घेतला, चौपट. ओठांपर्यंत आलं होतं की एवढी लागत नाही, १६ वर्षं घासतेय मी. नुसतं पाणी ओतत राहिले. घंटा चांगली निघाली.

आज सकाळी पूजेत शाल आली. अण्णा, तुम्ही सांगितल्यासारखी गाठ मारली. परत आली. परत मारली. सातपर्यंत मोजलं, मग मोजणं राहून गेलं.

पुढच्या सोमवारी तिला पंचारती देणार आहे, खाचा फार आहेत तिला.