सल्ला हवा: दुकानाचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचंय. 'आधी सगळं लिहून द्या' की 'पंधरा-पंधरा दिवसांनी बघू'?

गांधीबागकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचं गांधीबागेत कूलरच्या सामानाचं ठोक दुकान आहे. पंप, मोटर, पंखे, गवताच्या ताट्या, हनीकोंब पॅड, वायर. गोदाम वाडीला. गिऱ्हाईक म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळचे किरकोळ दुकानदार, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगाव. फेब्रुवारी ते जून जेवायला फुरसत नाही, जुलैपासून माशा मारतो. बिलं टॅलीवर (हिशेबाचं तयार सॉफ्टवेअर), गोदामाचा साठा एक्सेलमध्ये, उधारी काकांच्या डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी एकाकडून सॉफ्टवेअर बनवून घेतलं होतं. काय काय हवं त्याचं ६२ पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट झालं, बाबांनी पानापानावर सही केली (वाचलं एकच पान, पैशांचं). सात महिन्यांनी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळं एकदम आणून बसवलं. ऐन सीझनात! अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी काकांनी कार्बनचं बिलबुक काढलं. साडेतीन लाख पाण्यात.

आता पुन्हा दोघांशी बोलणं चालू आहे. पहिला म्हणतो, सगळं लिहून फायनल करा, सहा महिन्यांत देतो, रक्कम ठरलेली. दुसरा म्हणतो अजाइलने करू, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं दाखवतो, महिन्याचे पैसे महिन्याला. एकूण किती लागतील ते काही केल्या सांगून नाही राहिला. बाबा म्हणतात, "घराचा नकाशा न दाखवता कोणाला पाया खोदू देशील का?" त्यांचंही चुकतं असं वाटत नाही. माझं तर डोकंच चालून नाही राहिलं.

कोणाला निवडू? आणि मी स्वतः प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एखादा कोर्स करावा का?

तर्री_जास्त

काऊन नवीन बनवून राहिले भाऊ? टॅलीत गोदाम आहे, बॅच आहे, उधारीचे दिवस पण आहेत. बाजारात रेडिमेड शर्ट असताना शिंप्याकडे कशाला जायचं?

परसोडी_रिटर्न

सोळा वर्षं सॉफ्टवेअरच्याच धंद्यात आहे. आधी पुणे, आता परत नागपूर.

तर्रीभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बिलं, जीएसटी, खतावणी यातलं काहीही नव्याने बनवू नका. ते टॅलीतच राहू द्या. तुमच्या धंद्याचं जे खास दुखणं आहे आणि जे तयार मिळत नाही, तेवढंच बनवून घ्या. सहा महिन्यांचं काम तिथेच अर्ध्यावर येईल.

आता नकाशाचं. आधी सगळं लिहा, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग, शेवटी बसवा, या पायऱ्यांना वॉटरफॉल म्हणतात. धबधब्यासारखं पाणी खालीच जातं, वर येत नाही. गंमत अशी, की ज्या विन्स्टन रॉयसच्या १९७० च्या लेखाकडे या पद्धतीसाठी बोट दाखवतात, त्यात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. उलट पायऱ्यांची आकृती काढून झाल्यावर त्याने लिहिलंय की हे असं सरळ राबवणं धोक्याचं आहे, कारण चाचणी शेवटी येते आणि तिथे घोळ सापडला की पार मागे जावं लागतं. लोकांनी आकृती उचलली, पुढचा मजकूर सोडला. तुमचं मार्चमध्ये तेच झालं. काकांनी सॉफ्टवेअर पहिल्यांदा पाहिलं ते सात महिने संपल्यावर.

अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ चा. अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले होते. मोठमोठ्या कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, करारातल्या घासाघाशीपेक्षा गिऱ्हाइकासोबत काम करणं महत्त्वाचं, असं त्यात आहे. पण कागद नकोच असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. आपल्याकडे मात्र लिहिण्याचा कंटाळा आला की लोक त्याला अजाइल म्हणतात. तुमचा दुसरा माणूस त्यातला आहे का, ते आधी तपासा.

एक प्रश्न. मागचं सॉफ्टवेअर बाराव्या दिवशी नेमकं कशावर बंद पडलं? ६२ पानांत काय नव्हतं?

गांधीबागकर

बदलीवर.

आमच्या पंपांना एका सीझनची वॉरंटी असते. दुकानदार जळालेला पंप आणतो, आम्ही नवा देतो, जळालेला कंपनीला पाठवतो. पंप आपल्याच दुकानातून गेला का आणि कधी, हे ओळखायला सॉफ्टवेअरवाल्याने बारकोडचं स्टिकर लावायला सांगितलं. कागदावर एकदम झकास. पण कूलरचा पंप चार महिने पाण्यात बुडालेला असतो! परत येतो तेव्हा त्यावर पांढऱ्या क्षाराचा थर. स्टिकर कुठलं राहतं? अकराव्या दिवशी छिंदवाड्याहून एक पोतं भरून पंप आले, एकावरही कोड नव्हता, आणि सॉफ्टवेअर कोडशिवाय बदलीची एंट्रीच घेईना.

त्यानंतर कळलं, की गोदामातले आमचे भाऊ (बावीस वर्षांपासून आहेत) माल बाहेर काढताना पंपाच्या बुडाला खिळ्याने दोन अक्षरं कोरतात, एक महिन्याचं, एक वर्षाचं. बाबांना माहीत नव्हतं. मलाही नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तर्री_जास्त

🙏 खिळ्याला साष्टांग. भाऊंना एक प्लेट पोहे, तर्री मारून.

परसोडी_रिटर्न

हे खिळ्याचं तुम्ही ६२ ऐवजी २६२ पानं लिहिली असती तरी आलं नसतं, कारण पानं दुकानात बसून लिहिली आणि काम वाडीला होतं. दोघांपैकी जो पैशाचं बोलण्याआधी एक दिवस गोदामात उभा राहायला तयार होईल, त्याला घ्या. पद्धतीचं नाव मग काही का असेना.

निवृत्त_सिस्टम्स

गांधीबागकर, मी आयुष्यभर मोठ्या कार्यालयांच्या संगणक प्रकल्पांत काम केलं, त्यामुळे थोडी उलटी बाजू मांडते. तुमचे बाबा बरोबर आहेत. काही गोष्टींना नकाशा लागतोच, आणि त्या आधीच लिहून सही करून घ्यायच्या असतात.

कर ही त्यातली पहिली. बिलं टॅलीत राहिली तरी नव्या प्रणालीतून माहिती तिकडे जाणार, म्हणून सांगते. नागपूरचं गिऱ्हाईक असेल तर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, छिंदवाड्याचं असेल तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा. हे जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारं ऑनलाइन बिल, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. हे 'पुढच्या डेमोत बघू' म्हणण्यासारखं नाही.

दुसरं, कराचे दर कोडमध्ये लिहू देऊ नका, तारखेसकट तक्त्यात ठेवायला सांगा. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. एसी २८ वरून १८ वर आले. ज्यांनी दर कोडमध्येच लिहून ठेवले होते, त्यांच्याकडे त्या आठवड्यात रात्री जागल्या असणार. आणि जुन्या बिलातला माल नंतर परत आला तर क्रेडिट नोट (परतीच्या मालाची वजावट) त्या बिलाच्याच दराने निघते, म्हणून जुना दर पुसूनही चालत नाही. तुमच्या धंद्यात परतीचा माल भरपूर, तेव्हा हे नक्की विचारा.

आणि एकूण रक्कम न सांगणाऱ्याला महिन्याचे पैसे देत राहणं मला पटत नाही. कमाल मर्यादा तरी लिहून घ्या.

परसोडी_रिटर्न

ताई, शंभर टक्के मान्य. कर, हिशेब, कोणाला काय दिसावं आणि कोणाला नाही, हे लिहून पक्कं. बदली, गोदाम, उधारीचा तगादा हे मात्र थोडं थोडं करून, दाखवून, बदलून.

पैशांचा मार्ग असा काढता येतो: काम चार-पाच तुकड्यांत पाडा, प्रत्येक तुकड्याची रक्कम ठरवा, तो तुकडा दुकानात खरोखर चालला की पैसे. दोन तुकड्यांनंतर नाही पटलं तर नमस्कार करून मोकळं व्हायची सोय ठेवा. मात्र सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम) आणि डेटा पहिल्या दिवसापासून तुमच्या ताब्यात हवा. ही ओळ करारात नसेल तर बाकीचा करार रद्दीत घाला.

'चालला' म्हणजे काय, हेही आधी ठरवा, नाहीतर त्यावरूनच भांडणं होतात. मागच्या सीझनचे वीस खरे व्यवहार निवडा. सोपे नाही, वाकडे. अर्धा माल परत आलेला, दोन गोदामांतून गेलेला, पेटीने घेतलेला आणि नगाने विकलेला, बिनखुणेचा पंप. ते वीस भाऊंच्या हाताने, भाऊंच्या मोबाइलवर बरोबर निघाले तर चालला.

स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत. तिच्यात कामाच्या अशा प्रत्येक फेरीला स्प्रिंट म्हणतात, ती जास्तीत जास्त एक महिन्याची असते. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने एक माणूस लागतो, प्रॉडक्ट ओनर, जो यादीत काय आधी आणि काय नंतर हे सांगतो. एकच माणूस. बाबा एक म्हणाले आणि काका दुसरं, तर तो बिचारा प्रोग्रामर दोन्ही करेल आणि दोन्ही बिघडवेल. तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच. आठवड्याचे किमान पाच-सहा तास जातील. जुलैत माशा मारता म्हणालात ना, ते तास इथे घाला.

कोर्स वगैरे आत्ता नको. सगळ्यात जास्त वेळ कशाला लागेल, ते शोधा.

गांधीबागकर

कोडिंगला?

निवृत्त_सिस्टम्स

बहुतेक नाही. तुमच्या एक्सेलमध्ये एकच पंप किती नावांनी आहे, ते मोजून सांगा.

गांधीबागकर

मोजलं. लाज वाटते. '१८ वॅट पंप', 'पंप १८ डब्ल्यू', 'छोटा पंप', 'छोटा पंप नवा', 'लाल पंप'. हे पाचही एकच. एकूण २,९४० आयटम आहेत, खरे बाराशेच्या आसपास असतील.

निवृत्त_सिस्टम्स

मग तुमचा क्रिटिकल पाथ हाच. ज्या कामांच्या साखळीमुळे शेवटची तारीख ठरते, ती साखळी. यादी साफ झाल्याशिवाय साठा चढत नाही, साठा चढल्याशिवाय चाचणी नाही. हे काम कोणताही प्रोग्रामर करून देऊ शकत नाही, कारण 'लाल पंप' म्हणजे कोणता हे फक्त काका जाणतात. आजच बसा. आणि तारीख उलटीकडून मोजा: फेब्रुवारीत सीझन, म्हणजे जानेवारीनंतर एकही नवी गोष्ट चालू करायची नाही.

मेडिकल_चौक

आणखी दोन-तीन पोरं लावा म्हणा त्याला, दिवाळीच्या आत होऊन जाईल.

परसोडी_रिटर्न

नाही हो. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. गड्डीगोदामचं ओझं आहे का, की चार हमाल जास्त लावले आणि ट्रक लवकर खाली?

तर्री_जास्त

मी तर म्हणतो यंदा आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीला जा, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यासमोर उभे राहा आणि ओरडा: ईडा, पीडा, बग, एरर घेऊन जा गे मारबत!

गांधीबागकर

(पाच महिन्यांनी) धागा वर काढतो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिला आणि मी गायब झालो.

दुसऱ्यालाच घेतलं. गोदामात दिवसभर राहशील का विचारलं, तर दोन दिवस राहिला, वाडीच्या टपरीवर भाऊंसोबत चहा पीत. पहिल्याने फोनवरच सांगितलं, "साहेब, फॉरमॅट पाठवतो, भरून द्या." चार तुकडे ठरले, वरची मर्यादा लिहून घेतली, त्यावर बाबा राजी झाले. हिशेब टॅलीतच आहे.

आयटमची यादी साफ करायला सात आठवडे लागले. काका आणि मी रोज दुकान बंद झाल्यावर बसायचो. आता ती १,२६८ आहे. त्यात 'लाल पंप'वरून आमचं खरंखुरं भांडण झालं, दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी निघालं की लाल पंप दोन वेगवेगळे होते, काकाच बरोबर.

पहिला तुकडा बदलीचा केला. त्यात बारकोड नाही. एक रकाना आहे, त्याचं नाव 'खिळा'. भाऊ दोन अक्षरं टाकतात, सॉफ्टवेअर त्या महिन्यात त्या गिऱ्हाइकाला गेलेले पंप दाखवतं. दिवाळीच्या आधीच्या डेमोला भाऊंनी मोबाइल हातात घेतला, वीसपैकी सतरा काढले. राहिलेल्या तिघांत अक्षर क्षाराखाली झाकलं होतं. प्रोग्रामर म्हणाला, 'वाचता येत नाही' असा पर्याय देतो. भाऊंनी कोपऱ्यातून लिंबाची फोड आणली, पंपाच्या बुडावर घासली, आणि म्हणाले, "आता टाक."

उधारीचा तुकडा मात्र मागे पडलाय. काका डोक्यातलं सगळं सांगायला तयार नाहीत. जानेवारीत होईल असं दिसत नाही, म्हणून तो जुलैवर ढकलला. त्यावर कोणाला काही सुचत असेल तर सांगा.