ब्लीकलोच्या सपाट माथ्यावर वाट कशी राखावी?

रानवाट (प्रश्न)
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मँचेस्टरला मुक्काम आहे. त्यातील एक दिवस पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातील ब्लीकलो या डोंगरासाठी (६३३ मीटर) राखून ठेवला आहे, कारण शेजारच्या किंडर स्काउट डोंगरावरील वर्दळ आम्हां दोघांना नको आहे. स्नेक पास या घाटरस्त्याचा माथाच ५०० मीटरहून उंच असल्याने तेथून चढ नाममात्र उरतो; तरीही जाणकार या डोंगराविषयी इतके जपून का बोलतात?

होकायंत्र
चढ नाही, हीच तेथील अडचण आहे. माथा इतका पसरट आहे की दगडांची रास दिसेपर्यंत सर्वोच्च जागा ओळखू येत नाही. शिवाय पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) काळ्या थरात पाण्याने कोरलेल्या घळी पुरुषभर खोल असल्यामुळे आत उतरताच भोवतालचे सारे दिसेनासे होते. १:२५,००० च्या नकाशावर समोच्च रेषा ५ किंवा १० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन मीटरची घळ त्यांत उमटतच नाही.

घाटमाथ्यावरून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट धरावी. आरंभी फरश्या आहेत, पुढे हर्न क्लफचा ओहोळ सोबतीला असतो. धुके उतरले तर होकायंत्राने दिशा घेऊन, दिसेल तेवढ्याच अंतरावरील एखादा दगड किंवा गवताचा झुबका हेरावा, तेथे पोचून पुन्हा दिशा घ्यावी. घळ आडवी आली की एकाने अलीकडच्या काठावर थांबावे आणि पलीकडे चढलेल्या सोबत्याला हाताने डावी-उजवीकडे सरकवत रेषेत आणावे. हे कंटाळवाणे आहे खरे, पण घळीच्या वळणांमागे गेलेला माणूस हमखास भलत्याच ओहोळात उतरतो.

माळकरी
खरा एकांत हवा असेल, तर माथ्यापासून पूर्वेला अडीच-तीन किलोमीटरवरील ब्लीकलो स्टोन्स या खडकांपर्यंत जावे; तिकडे बांधीव वाट नाही. हायर शेल्फ स्टोन्स या दुसऱ्या खडकांजवळ मात्र १९४८ साली कोसळलेल्या बी-२९ या अमेरिकी लष्करी विमानाचे अवशेष असल्याने तेथे माणसे भेटतातच. कारखान्यांच्या धुराने येथील स्फॅग्नम शेवाळ मेले आणि पीट उघडे पडले. आता हे शेवाळ पुन्हा लावले जात आहे, म्हणून घळींत पाणी अडवणारे छोटे बांध तुडवू नयेत.

रानवाट
स्टोन्सपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतता येईल का?

होकायंत्र
सकाळी लवकर निघाल्यास येईल. मात्र त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून दुपारी बाराला जेथे असाल तेथून परत फिरावे. माथ्यावर धुके असल्यास स्टोन्सचा बेत सोडून द्यावा.